बिनधुराची वीज

अलीकडे एक नवा मान निघाला आहे. २०१५ साली संयुक्त राष्ट्रसंघाने जगापुढे सतरा उद्दिष्टे ठेवली. दारिद्र्य हटावे, पाणी शुद्ध मिळावे, ऊर्जा स्वच्छ असावी, आणि हे सारे पुढच्या पिढीच्या ताटातले न ओढता व्हावे, असा त्यांचा थोडक्यात मथितार्थ. या बेताला ‘शाश्वत विकास’ असे भारदस्त नाव आहे. पुढच्याच वर्षापासून, आपल्या रोजच्या धंद्याच्या कामातून ही उद्दिष्टे पुढे नेणाऱ्या व्यावसायिकांना राष्ट्रसंघाच्या ‘ग्लोबल कॉम्पॅक्ट’ या उपक्रमातर्फे गौरवण्याची प्रथा पडली. आता आपल्याकडेही असे सोहळे ठिकठिकाणी होतात. शाल, श्रीफळ, काचेचे सन्मानचिन्ह आणि मागे हिरव्या पानांचे चित्र.

कल्पना चांगली आहे, यात मला शंका नाही. व्यापारी म्हटला की तो लोकांना नाडणारच, अशी आपली एक जुनी समजूत. ती मोडायला असे मान उपयोगी पडतात. पण इतिहासाच्या कागदांत रमणाऱ्या माणसाला एक खोड असते. नवा मान निघाला की तो जुन्या माणसांना लावून पाहावा, असे त्याला वाटते. मीही तसे करून पाहिले. सह्याद्रीच्या पाण्यावर वीज करून मुंबईच्या गिरण्या चालवण्याचे जे काम टाटांच्या घराण्याने केले, त्याचा अर्ज या परीक्षकांपुढे ठेवला तर काय होईल? पहिल्या पानावर परीक्षक उठून टाळ्या वाजवतील. अडचण पुढच्या पानांवर येते.

तेव्हा आधी पहिले पान.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची मुंबई म्हणजे धुराड्यांची मुंबई. परळ, लालबाग, भायखळा, चिंचपोकळी, जिकडे पाहावे तिकडे आकाशात घुसलेले विटांचे खांब आणि त्यांच्या टोकाला काळा फरारा. गिरण्या चालत वाफेवर, वाफ कोळशावर, आणि कोळसा मुंबईच्या आसपास शंभर कोसांत नाही. तो आणायचा एक तर आगबोटीतून विलायतेहून, नाही तर बंगालच्या खाणींतून, आगगाडीने किंवा समुद्रमार्गे. त्यामुळे वाहतुकीचा खर्च कोळशाच्या मोलाच्या उरावर बसे. तो खर्च मालक सोसत, आणि धूर सोसत चाळीतले लोक. दोरीवर वाळत घातलेले धोतर संध्याकाळी करडे होऊन घरात यायचे. हा जाच इतका वाढला की १९१२ साली मुंबई सरकारला धुराच्या उपद्रवाविरुद्ध खास कायदा करावा लागला. हवेच्या प्रदूषणाची चर्चा आजची आहे असे समजणाऱ्यांनी ही तारीख ध्यानात ठेवावी.

जमशेटजी नसरवानजी टाटा स्वतः गिरणीवाले. जन्म नवसारीचा, १८३९ सालचा. नागपूरची त्यांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली, आणि तेथे त्यांनी जे केले ते त्या काळच्या मालकांना चमत्कारिकच वाटले असेल. गिरणीत दमट हवा राखण्याची आणि आग विझवण्याची यंत्रे बसवली. १८८६ साली कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा फंड काढला. १८९५ साली अपघातात सापडणाऱ्यांना भरपाई देण्याची सोय केली. यातले काहीही करा म्हणून कायद्याने त्यांना सांगितले नव्हते. पुढे पोलादाचा कारखाना निघण्याच्या कित्येक वर्षे आधी, १९०२ साली, त्यांनी मुलाला, दोराबजींना, परदेशातून पत्र लिहिले त्यात होऊ घातलेल्या गावाचे रस्ते रुंद ठेव, लवकर वाढणारी सावलीची झाडे लाव, खेळायला मैदाने आणि देवळे, मशिदी, चर्च यांना जागा सोड, असे बजावले होते. कारखान्याची जागासुद्धा ठरलेली नव्हती आणि हा गृहस्थ झाडांच्या सावलीचा विचार करीत होता! मला जमशेटजींविषयी जी ओढ वाटते ती त्यांच्या कोट्यवधींमुळे नव्हे, या पत्रामुळे.

विजेची कल्पना मूळची त्यांची एकट्याची नव्हती. मुंबईत डेव्हिड गॉस्लिंग नावाचे वास्तुशिल्पी होते; घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस अडवून त्याची वीज करता येईल, असे त्यांच्या मनाने घेतले होते. जमशेटजींनी ती कल्पना उचलली, आणि जॉयनर या अनुभवी इंजिनिअरने तिचा आराखडा सिद्ध केला.

कल्पना तशी सोपी, पण तिच्या मागची हिंमत मोठी. कारण जगात जिथे पाण्याची वीज होत होती तिथे बहुधा बारमाही नद्या होत्या किंवा नायगारासारखे अखंड धबधबे. आपल्या सह्याद्रीवर पाऊस पडतो तो चार महिने. पडतो तेव्हा धो धो पडतो आणि दसऱ्यानंतर ओढे कोरडे. म्हणजे चार महिन्यांचे पाणी साठवून बारा महिने पुरवायचे! पण निसर्गाने एक गोष्ट फुकट दिली होती, ती म्हणजे कडा. लोणावळ्याच्या माथ्यावर पाणी अडवायचे आणि नळांतून खाली खोपोलीला सोडायचे. मध्ये सतराशे फुटांहून अधिक उतार. इतक्या उंचीवरून आलेले पाणी चक्राच्या वाट्यांवर आदळले की थोड्या पाण्यातही प्रचंड बळ निर्माण होते. पाणी स्वतः खर्च होत नाही, धूर निघत नाही, राख उरत नाही. आणि तयार झालेली वीज तारांवरून चाळीस-पंचेचाळीस मैलांवरच्या मुंबईला.

जमशेटजींनी हे पाहिले नाही. १९०४ च्या मे महिन्यात जर्मनीत त्यांचा अंत झाला. दोराबजींनी १९१० साली कंपनी उभी केली. विलायतेतल्या भांडवलदारांनी हात आखडता घेतला, तेव्हा पैसा इथल्याच लोकांनी आणि संस्थानिकांनी घातला. एवढ्या मोठ्या धाडसासाठी देशातलाच पैसा पुढे यावा, ही त्या काळी अपूर्वाईची गोष्ट होती. ८ फेब्रुवारी १९११ रोजी गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते लोणावळ्याला कोनशिला बसली. लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथे तलाव झाले. बरोबर चार वर्षांनी, ८ फेब्रुवारी १९१५ रोजी, लॉर्ड विलिंग्डन यांनी कळ दाबली आणि खोपोलीची वीज मुंबईकडे धावू लागली. गिरण्यांनी एकामागून एक वाफेची इंजिने काढली. १९२२ साली आंध्रा नदीच्या पाण्यावरचे भिवपुरीचे केंद्र सुरू झाले. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची आगगाडी धावली, तिलाही वीज याच घाटातली. आज चाकरमान्यांना लोकल म्हणजे विजेचीच, हे इतके अंगवळणी पडले आहे की दादरच्या पुलावर कधी काळी इंजिनाची काजळी नाकात जात असे, हे सांगूनही पटणार नाही.

येथवरचा अर्ज वाचला की परीक्षकांनी एकमताने शिक्का मारावा. बिनधुराची वीज, देशी भांडवल, शंभर वर्षांच्या वर चाललेली यंत्रणा. आणखी काय हवे?

आता दुसरे पान. पुणे जिल्ह्यातले मुळशी पेटे. नीला आणि मुळा या दोन नद्यांचा तिथे संगम. दोन्ही काठांना भाताची खाचरे, आणि भातही कसा, आंबेमोहोर! शिजायला लागला की अख्ख्या आळीला कळते. तो पिकवणारे मावळे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या त्याच जमिनीवर. शिवाजी महाराजांच्या फौजेत आपले पूर्वज होते, ही त्यांची घरोघरची आठवण. टाटांनी १९१९ साली तिसरी आणि सर्वांत मोठी योजना हाती घेतली ती या संगमाखाली धरण बांधण्याची. धरणाच्या पोटात बावन्न गावे जाणार होती आणि सुमारे अकरा हजार माणसे.

योजना तीच, हेतू तोच, यंत्रेही त्याच जातीची. फरक पडला तो माणसांना विचारण्यात. शेतकऱ्यांच्या जमिनीत चाचणीचे खड्डे त्यांची परवानगी न घेता खणले गेले. आणि एका शेतकऱ्याने हरकत घेतली तेव्हा कामावरच्या गोऱ्या इंजिनिअरने त्याच्यावर पिस्तूल रोखले, असे त्या काळच्या हकिगतींत येते. जमीन घेण्यासाठी सरकारने १८९४ चा भूसंपादन कायदा कंपनीच्या दिमतीला दिला. त्या कायद्यात ‘सार्वजनिक हित’ असा एक शब्दप्रयोग होता. मुंबईच्या गिरण्यांना स्वस्त वीज हे सार्वजनिक हित ठरले. मुळशीचा भात खाजगी ठरला.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. त्या दिवशी सुमारे बाराशे माणसे धरणाच्या जागी जाऊन बसली. काम थांबले. धरणाविरुद्ध लोकांनी संघटित होऊन केलेला जगातला हा पहिला लढा, असे आता अभ्यासक म्हणतात. त्याचे अग्रणी पांडुरंग महादेव बापट, पारनेरचे. ‘सेनापती’ ही पदवी त्यांना मुळशीने दिली. एक गोष्ट येथे मुद्दाम सांगायला हवी, कारण धरणाला विरोध करणारा माणूस म्हणजे यंत्राचा शत्रू, असे आपण पटकन धरून चालतो. बापट शिष्यवृत्ती मिळवून एडिंबरोला गेले होते ते इंजिनिअरिंग शिकायला. शिष्यवृत्ती गेली ती इंग्रजी राज्याविरुद्ध बोलल्यामुळे. म्हणजे धरणाची भिंत कशी उभी राहते आणि चक्र कसे फिरते, हे त्यांना कंपनीच्या कोणाही भागधारकापेक्षा अधिक कळत होते. त्यांचा प्रश्न यंत्राचा नव्हताच; जमीन कुणाची, आणि ती घेताना त्याला विचारायचे की नाही, एवढाच होता. त्यांची घोषणा चारही बाजूंनी घुमली: ‘जान किंवा जमीन’.

गांधीजींनी त्याच महिन्यात ‘यंग इंडिया’त लिहिले. टाटांच्या थोर घराण्याने कायद्याच्या हक्कावर अडून न बसता लोकांशी बोलावे आणि त्यांच्या सल्ल्याने काय ते करावे, अशी त्यांची विनंती होती. एकाही गरिबाच्या इच्छेविरुद्ध साधलेल्या लाभाचे मोल ते किती, असा त्यांचा सवाल. कंपनीने काही महिने काम थांबवले, आणि वर्ष सरता सरता पुन्हा सुरू केले.

लढा हरला, हे आपल्याला ठाऊक आहे. पण तो का हरला, याची चर्चा आपण पुण्याकडचे लोक जरा हळू आवाजात करतो. त्या खोऱ्यातल्या पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण होत्या, किंवा त्यांच्याच नावावर होत्या. कसणारा मावळा ‘जमीन देणार नाही’ म्हणत होता. कागदावरचा धनी ‘भाव काय देता’ विचारत होता. कंपनीला आणि सरकारला ही फट दिसली. मोबदल्याचे आकडे वाढले, आणि पैसे घेणाऱ्यांची रांग लागली. ती रांग पाहून पुढे गांधीजींनीही, बहुतेकांनी मोबदला घेतला आहे, आता हा लढा सोडावा, असाच सल्ला दिला. सगळा दोष टाटांच्या दारात टाकून मोकळे होणे सोयीचे आहे. पण आंबेमोहोराच्या खाचरांचा सौदा करणारे आपल्याच पेठांतले होते.

बापटांनी मात्र सोडले नाही. ते तुरुंगात जात आणि सुटून परत मुळशीला येत. शेवटी, १९२४ च्या अखेरीस, त्यांनी मोजक्या साथीदारांसह हत्यारे घेऊन धरणाच्या कामाची आगगाडी अडवली. सात वर्षांची शिक्षा झाली. सत्याग्रहाच्या कसोटीला हे उतरत नाही, हे खरेच. पण धरणाच्या भिंतीचे एकेक चिरे चढताना पाहणाऱ्या माणसाला आपण आरामखुर्चीतून काय सांगणार? १९२७ साली भिऱ्याचे केंद्र सुरू झाले. तेव्हा बापट कैदेत होते.

ज्यांची गावे बुडाली ते काही मोबदल्याचे पैसे घेऊन शहराकडे गेले, काही डोंगराच्या अंगाला वर सरकले. काठच्या वाड्यांवर कित्येक वर्षे संध्याकाळी रॉकेलची चिमणीच पेटत होती. खालून वीज निघून मुंबईला जात होती आणि तलावाच्या कडेला अंधार होता. विस्थापितांचे पुनर्वसन हा हक्क आहे असे मानणारा कायदा महाराष्ट्राने केला तो १९७६ साली, मुळशीच्या सत्याग्रहानंतर पंचावन्न वर्षांनी. आणि जमीन घेण्याआधी तिथल्या माणसांवर काय परिणाम होईल याची पाहणी करा, असे सबंध देशाच्या कायद्याने सांगितले ते २०१३ साली. तेव्हा कुठे तो १८९४ चा जुना कायदा गेला.

इतिहासाला थट्टा करायची आवड असते, ती अशी. दोराबजींनी आपली सारी संपत्ती १९३२ साली विश्वस्तनिधीला देऊन टाकली. त्या पैशांतून १९३६ साली मुंबईत समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था निघाली, तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. पुढे नर्मदेवरच्या सरदार सरोवरामुळे महाराष्ट्रातली गावे उठली तेव्हा त्यांच्या पुनर्वसनावर देखरेख ठेवण्याचे काम या संस्थेकडे आले. मुळशीत जे कोणी विचारले नाही ते विचारण्याचे शिक्षण टाटांच्याच पैशाने दिले गेले. याला प्रायश्चित्त म्हणावे काय? मी म्हणणार नाही. दोराबजींच्या मनात तसे काही होते याला आधार नाही. पण पैशाला कधी कधी धन्यापेक्षा अधिक शहाणपण सुचते.

तिसरे पान पाण्याचे. हे पाणी मूळचे पूर्वेकडे वाहणारे. इंद्रायणी, आंध्रा, मुळा या नद्या अखेर भीमेला मिळतात. वीज करण्यासाठी ते पश्चिमेला कोकणात उतरवले जाते. खोपोलीचे पाणी पाताळगंगेत जाते, भिवपुरीचे उल्हास नदीत, भिऱ्याचे कुंडलिकेत. तिकडे त्यावर शहरे वाढली, कारखाने उभे राहिले. कोलाडला तर आता सुट्टीच्या दिवशी शहरातली पोरे त्याच सोडलेल्या पाण्यात रबरी होड्या लोटून किंचाळतात. आणि घाटाच्या या बाजूला, भीमेच्या खोऱ्यातल्या दुष्काळी तालुक्यांत उन्हाळा आला की प्रश्न उठतो, आमच्या वाट्याचे पाणी आम्हाला द्या. पिण्याला आणि शेतीला पाणी आधी की विजेला? शंभर वर्षांपूर्वी हा प्रश्न कोणाच्या मनात आला नाही, कारण सोलापूरकडचा शेतकरी आणि लोणावळ्याचा पाऊस यांचे नाते तेव्हा कोणी कागदावर मांडले नव्हते. उलट बाजूही सांगितली पाहिजे. कोळशाची केंद्रे सुरू व्हायला तासन्‌तास घेतात. पाण्याचे चक्र काही मिनिटांत फिरू लागते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज एकाएकी गेली, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या, तेव्हा शहर पुन्हा सुरू करण्यात ट्रॉम्बेच्या जोडीला ही घाटातली जुनी केंद्रेच धावून आली. तिन्ही केंद्रे मिळून आज सुमारे साडेचारशे मेगावॅट वीज देऊ शकतात. इतकी वीज कोळशावर करायची तर आकाशात किती धूर गेला असता, याचा हिशेब कोणाही परीक्षकाला सुखावणारा आहे.

मग मान द्यायचा की नाही? मला विचाराल तर द्यावा, आणि नि:शंक मनाने द्यावा. खोपोलीचे काम हे आपल्या देशातल्या धंदेवाल्याच्या दूरदृष्टीचे पहिल्या प्रतीचे उदाहरण आहे. बापट मोठे म्हणून जमशेटजी लहान होत नाहीत. शिवाय मुळशीचे काम सुरू झाले तेव्हा त्यांना जाऊन पंधरा वर्षे झाली होती. पण मानपत्र लिहिणाऱ्याला मी एक अट घालीन. त्यात मेगावॅट जसे आकड्यांत लिहाल तशी बावन्न गावेही आकड्यांत लिहा. स्वच्छ ऊर्जा हे सतरांतले सातवे उद्दिष्ट. दारिद्र्य हटवणे हे पहिले. एकाच भिंतीने सातव्यात पैकीच्या पैकी गुण मिळवले आणि पहिल्यात ती नापास झाली. हल्लीचे मानकरी निवडतानाही, माळरानावर सूर्याची वीज करणारा असो की पवनचक्क्या लावणारा, माझा पहिला प्रश्न हाच राहील की ते माळरान कोणाच्या शेळ्या चारण्याचे होते आणि त्याला कोणी विचारले काय.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. ज्या गिरण्यांसाठी मुळशीचे हित खाजगी ठरले, त्या गिरण्या आज कुठे आहेत? जानेवारी १९८२ मध्ये मोठा संप झाला, आणि त्यानंतर भोंगे एकेक करून कायमचे थांबले. गिरणगावच्या जमिनीवर काचेचे मनोरे आणि बाजार उभे राहिले. त्या जमिनीला सोन्याचा भाव आला. मुळशीची जमीन मात्र पाण्याखालीच आहे. बापट १९६७ च्या नोव्हेंबरात मुंबईत वारले. माहीमपासून लोअर परळकडे रुळांच्या कडेने जाणारा एक रस्ता आहे. तुळशी तलावाचे पाणी शहरात आणणाऱ्या नळावरून जुने लोक त्याला तुळशी पाईप रोड म्हणतात. फिनिक्स मिल, कमला मिल या त्याच रस्त्यालगत. पालिकेच्या पाटीवर त्याचे नाव सेनापती बापट मार्ग असे आहे.